जठारपेठेत फाटलेला सूर

अमरावती, ५ जानेवारी २०२५

दादा,

खुशाली विचारायचा अधिकार मला उरलेला नाही, म्हणून विचारत नाही. तुझा पत्ता पुंजाजीकाकांनी दिला. डिसेंबरात ते क्लॅरिनेट घेऊन बऱ्हाणपूरच्या एका लग्नाला गेले होते. वरातीच्या कडेला तू सायकल धरून उभा होतास. त्यांनी हाक मारली. तू चहा पाजलास, यंत्रमागावर काम करतो म्हणालास, मुलगी पाचवीत आहे म्हणालास. घरचं काही विचारलं नाहीस.

"अन् सॅक्सचं काही बोलला का?" मी काकांना विचारलं.

"नाई. पन आमचा सॅक्सवाला बेसूर होता, तवा पोट्टा तोंड वाकडं करून राहिला होता."

तुला माहीत नसेल ते आधी सांगते. आई गेली. २०१९, ऑगस्ट. तुझा पत्ता नव्हता. बाबा एकाहत्तरचे आहेत, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्याच दोन खोल्यांत. त्यांचा बँड चार वर्षांपूर्वी मोडला. पुंजाजीकाका दुसऱ्यांच्या बँडात जातात आणि काम नसेल त्या संध्याकाळी बाबांपाशी येऊन बसतात. मी इथे कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. लग्न केलं नाही.

आणि सॅक्सोफोन वाजवते. तुझाच. तू गेल्यावर शिकले.

गाणी वाजवत नाही. मी एक सूर धरते आणि तो सोडत नाही. त्याच्या आत काय काय आहे ते ओठाने, जिभेने, घशाने उघडत जाते. एकाच नळीतून दोन सूर निघतात, कधी तीन. काही सुंदर असतात, काही नसतात. मागच्या वर्षी असं बारा मिनिटं वाजवलं तेव्हा पुंजाजीकाका पुढच्या रांगेत होते. संपल्यावर म्हणाले, "वाद्य सुरात मिळवनं त चांगलं झालं बाई. गानं कवा सुरू करतेस?"

१६ मार्चला इथल्या एका वाचनालयाच्या सभागृहात माझा एकटीचा कार्यक्रम आहे. एकतीस मिनिटं, मध्ये श्वासासाठी थांबणं नाही. बाबा येणार आहेत. ते मला पहिल्यांदाच ऐकतील.

तू ये असं मी लिहीत नाही. तुला माहीत असावं, एवढंच.

दामिनी


अमरावती, २ फेब्रुवारी २०२५

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पुन्हा लिहिते आहे, कारण या कामाबद्दल बोलायला तुझ्याशिवाय कोणी नाही. इथले लोक विचारतात की वाजवताना मनात काय असतं. मनात काही नसतं. लाळ असते. ती गिळता येत नाही, आणि दहाव्या मिनिटानंतर डोक्यात दुसरा विचार राहत नाही.

तुला आठवत असेल, बाबा सांगायचे की वरातीत टाच आधी टेकवायची नाही, गुडघा सैल ठेवायचा, नाहीतर खड्ड्यात पाय पडला की माउथपीस वरच्या दातांवर आपटतो. मी चालत नाही, उभी असते, तरी गुडघे सैल ठेवते. ताठ उभं राहिलं की सोळाव्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागतात आणि ती थरथर सुरात येते. आता रोज पहाटे वडाळीच्या तलावाकडे चालायला जाते. आठवड्यातून तीन दिवस पोटाचे व्यायाम. खालच्या ओठाला आतून दातांचे व्रण पडलेत, तिथली कातडी आता जाड झाली आहे. तिखट लागतं ते फक्त जिभेला. उजव्या अंगठ्याला वाद्याच्या वजनाने घट्टा आहे. तुझ्याही अंगठ्याला होता. अजून आहे का?

श्वास न तोडता वाजवायला मला बँडातल्या कोणी शिकवलं नाही. रामराव म्हणून एक कारागीर आहेत, इथल्या सराफ्यामागच्या गल्लीत बसतात. २०१५ मध्ये आईच्या कानातल्याचा सांधा तुटला, त्याला डाग द्यायला गेले होते. त्यांनी वाकडी नळी तोंडात धरली आणि दिव्याच्या ज्योतीवर फुंकर घातली. ज्योत आडवी झाली, सुईसारखी बारीक, आणि तशीच राहिली. मी मोजत होते. चार मिनिटं ती हलली नाही.

"काका, तुम्ही श्वास कधी घेता?"

"घेऊनच राहिलो ना. नाई घेतला त मरन नाई का मी?"

मग त्यांनी दाखवलं. फुंकर संपत आली की उरलेली हवा गालात साठवायची. गाल ती पुढे ढकलतात तेवढ्यात नाकाने आत घ्यायचं. "दम कोंडाचा नाई बाई. दम कोंडनारा लवकर घाबरते. गालात थोडा शिल्लक ठेवाचा." मी आठ महिने त्यांच्या समोर बसून ज्योतीवर शिकले. कान फसतो, ज्योत फसत नाही. श्वास जिथे तुटतो तिथे ती मान खाली घालते. रामराव डाग देता देता न बघता म्हणायचे, "पडली." थोड्या वेळाने पुन्हा, "पडली."

लोकांना वाटतं, एवढा वेळ वाजवायचं म्हणजे हवा कमी पडत असेल. उलट आहे. नाकाने आत येत राहते आणि बाहेर टाकायला सवड मिळत नाही. छाती शिळ्या हवेने भरते. विसाव्या मिनिटाला भरल्या घरात गुदमरावं तसं होतं. तेव्हा थांबून एकदा उसासा टाकावा, एवढंच शरीर मागतं.

गेल्या आठवड्यात पुण्याहून एक बाई आली होती. अशा वादकांचं ध्वनिमुद्रण करते. माझ्या वादनात एक आवाज आहे, खालचा सूर फाटून वर किंचाळतो तो. तो तिने तीनदा वाजवायला लावला. हा कुठे सापडला, असं विचारलं.

मी म्हणाले, सरावात.

दामिनी


अमरावती, २३ फेब्रुवारी २०२५

दादा,

पहिल्या पत्रात दोन गोष्टी खोट्या आहेत.

तुझा पत्ता नव्हता हे खरं, पण मी तो शोधलाही नव्हता. पुंजाजीकाका दरवर्षी खानदेशात आणि बऱ्हाणपुराकडे लग्नं वाजवायला जातात. त्यांना मी कधी म्हणाले नाही की दादा दिसतो का बघा. आई शेवटचे चार दिवस तुझं नाव घेत होती. तेव्हाही नाही.

दुसरी: मी सॅक्स तू गेल्यावर शिकले नाही. आधीपासून शिकत होते. बँडमास्तरच्या मुलीने वाद्यं पुसायची, वेताच्या पातळ रीडा डबीत लावायच्या, कोटांची बटणं शिवायची, पण वाजवायचं नाही, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं. २०१३ च्या फेब्रुवारीत एम.ए.च्या परीक्षेचा अभ्यास करायला घरी आले होते. दुपारी तुम्ही सगळे झोपायचात. मी वरच्या खोलीत जाऊन तुझी पेटी उघडायची. वाद्याच्या तोंडात जुनी चादर कोंबून हळू फुंकायची.

एकवीस मेच्या दुपारी जिन्यावर पावलं वाजली. मी घाईत वाद्याचा गळा, ती वरची वाकडी नळी, काढला. मुठीत घट्ट धरून पिळून काढला, जसा कधीच काढायचा नसतो. तू रोज सगळ्यांना ओरडून सांगायचास, गळ्यावरची चावी दाबून धरू नका रे, ती कडी नाजूक असते, वाकली तर भोक बंद होत नाही. वाकलेली मला दिसली. अगदी थोडी, नखाएवढी. सरळ करायला गेले तर अजून वाकेल अशी भीती वाटली. जिन्यावर बाबा नव्हते, मांजर होतं. तरी मी पेटी बंद केली.

संध्याकाळी जठारपेठेतली वरात होती.

मी पाण्याच्या कॅनपाशी होते. तू खालचा सूर लावलास आणि तो फाटून वर गेला. पुन्हा लावलास, पुन्हा गेला. तू रीड बदललीस. मला माहीत होतं की दोष रीडचा नाही. मी पाच पावलांवर होते. वराकडचा एक जाडा माणूस ओरडला, "अरे बँडवाल्या, डुकरं कापून राहिला का बे?" सगळे हसले. बाबांनी मागे वळून तुझ्याकडे पाहिलं. त्या महिन्यात तू दोनदा पिऊन घरी आला होतास, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी तुझ्या तोंडाचा वासही घेतला नाही. रस्त्यात, गॅसबत्त्यांच्या उजेडात, तुझ्या कोटाची बटणं त्यांनी स्वतः काढली.

त्या कोटाचा अर्थ मला तेव्हाही कळत होता. आजोबांनी भातकुलीकडचं गाव सोडलं ते डफडं वाजवणार नाही म्हणून. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर गावाने मयतीला बोलावलं आणि ते गेले नाहीत. अकोल्यात येऊन त्यांनी बँडाचा लाल कोट घातला. वाजवणं तेच होतं, पण कोट घातल्यावर बोलावणारा अहो-जाहो करायचा. म्हणून आपल्या धंद्यात सगळ्या बँडांचा एक नेम: मास्तरने ज्याचा कोट रस्त्यात उतरवला, त्याला गावातला दुसरा कोणी कोट देत नाही.

तू बनियनवर उभा होतास. माउथपीस शर्टाच्या टोकाने पुसायची तुझी सवय, पण शर्ट नव्हता, म्हणून हाताने पुसलास. वाद्य बत्तीच्या गाड्यावर ठेवलंस आणि मोर्णा नदीच्या दिशेने चालू लागलास. मी हाक मारली नाही.

पुण्याच्या बाईला आवडला तो आवाज सरावात सापडलेला नाही. तो तुझा त्या संध्याकाळचा आवाज आहे. वाकलेल्या चावीशिवाय तो कसा काढायचा हे शोधायला मला दोन वर्षं लागली. डाव्या अंगठ्याने वरच्या सप्तकाची चावी अर्धीच दाबायची, जबडा सोडायचा, घसा जांभईसारखा उघडायचा आणि खाली पोटाने दाबत राहायचं. ते का शोधत होते, हे मला सांगता येत नाही. ज्याने तुझा धंदा गेला, त्याच आवाजासाठी लोक मला बोलावतात.

मी हे अकरा वर्षं आणि नऊ महिने कोणाला सांगितलं नाही.

दामिनी


अमरावती, ९ मार्च २०२५

दादा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पत्त्याचं अक्षर तुझंच आहे. मागे तीनच शब्द.

"बाबाले सांगतलं का?"

नाही. गेल्या रविवारी अकोल्याला गेले होते ते सांगायलाच. बाबा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. मला बघून म्हणाले, "तुया कार्यक्रमाले मी इस्त्रीचा सदरा काढून ठेवला." मी अर्धा किलो शेंगा फोडल्या आणि परत आले.

सोळा तारखेच्या आधी सांगेन असं इथे लिहिणार होते. लिहीत नाही. तुला अजून एक खोटं नको.

दामिनी


अमरावती, १७ मार्च २०२५

दादा,

काल कार्यक्रम झाला. साठ खुर्च्या होत्या, त्रेचाळीस लोक. बाबा आणि पुंजाजीकाका दुसऱ्या रांगेत, कडेला. रामराव मागे उभे. बसायला सांगितलं तर म्हणाले, बसून बसून तर जन्म गेला.

पहिली पाच मिनिटं शरीराला फसवायची असतात. खालचा सूर, अगदी हळू, तोंड सैल. गाल भरतात, रिकामे होतात, नाक आपलं काम करतं. सातव्या मिनिटाला घाम कपाळावरून डोळ्यांत आला. तो पुसता येत नाही. दहाव्या मिनिटाला लाळ. जिभेच्या मागून ती थोडी थोडी नळीत जाऊ द्यायची, आवाजात खरखर येते, ती वादनाचा भाग करायची. चौदाव्या मिनिटाला खालचा ओठ बधिर झाला. ओठ बधिर झाला की तो किती दाबतोय हे समजत नाही, ते कानाने ओळखायचं. सतराव्या मिनिटाला सूर दोन झाले, मग तीन. लोक खुर्च्यांत हलायचे थांबले. विसाव्याला छाती भरली.

बाविसाव्या मिनिटाला मी तो आवाज काढला.

बाबा उभे राहिले.

ते लगेच निघाले नाहीत. जागेवर उभे राहून माझ्याकडे बघत होते, पुढची बाई मागे वळून पाहायला लागली तरी. मग रांगेतून बाहेर पडले आणि दाराकडे गेले. पुंजाजीकाका त्यांच्यामागे.

मी थांबले असते तर कोणी काही बोललं नसतं. उरलेली नऊ मिनिटं मी वाजवली. वाजवू शकत होते म्हणून वाजवली. गालात थोडी शिल्लक होती. हे चांगलं की वाईट, मला माहीत नाही. झालं ते लिहिते आहे.

संपल्यावर वाद्य न ठेवता तशीच बाहेर गेले. बाबा पायऱ्यांवर बसले होते.

"हा आवाज स्वप्न्याचा होता," ते म्हणाले.

"हो."

"जठारपेठेतला."

"हो. बाबा, तो प्यायलेला नव्हता. चावी वाकलेली होती. मी वाकवली होती. दुपारी तुम्ही झोपायचात तेव्हा मी..."

ओठ सुजल्यामुळे मला नीट बोलता येत नव्हतं. त्यांनी हात वर केला.

"मी कवा झोपत होतो वं दुपारी?"

मला कळलं नाही.

"खाली पडून आयकत राहाचो. चादर कोंबली त आवाज लपते का? तीन महिन्यांत तुयं बोट त्याच्यापेक्षा साफ पडाले लागलं होतं. मले मालूम होतं." मग म्हणाले, "चावी बी मालूम होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली. कडी वाकलेली. अंगठ्यानं दाबली, झाली सरळ. चहा निवेपर्यंतचं बी काम नाई."

पुंजाजीकाका चपलेकडे बघत होते. त्यांनाही हे नवीन होतं.

"सकाळी?" मी विचारलं. "दादा तेव्हा अकोल्यातच होता ना?"

"तीन दिवस होता. टेसनवर. मले लोकायनं सांगतलं."

"मग काहून नाही गेले तुम्ही?"

किती वर्षांनी मी त्यांच्याशी अशी बोलले. शिकून अमरावतीला आल्यापासून काहून म्हणणं सुटलं होतं.

"तुयं नाव सांगतलं असतं त तू सॅक्स सोडला असता."

हे ऐकायला गोड आहे, दादा. कार्यक्रमानंतरच्या अर्ध्या तासात वादकाला असलं काही लगेच पटतं. मी ते पटवून घेतलं नाही. म्हणाले, "माझं नाव न सांगता सांगता आलं असतं. चावी वाकलेली होती, एवढंच."

आतून खुर्च्या आवरल्याचा आवाज येत होता.

"लोकायसमोर कोट काढला होता मी," ते म्हणाले. "वापस घालाचा त लोकायसमोरच घालाव लागते. ते नाई जमलं मले."

पुंजाजीकाका म्हणाले, "डोमाजी, तू बी कमाल आहेस लेका. पोट्टा टेसनवर, अन् तू घरी चहा पेत बसला."

"हो," बाबा म्हणाले. "बसलो."

हे सगळं तुला कळवावं की नाही, मला ठरवता येत नाही. माझी चूक तुला आता माहीत आहे. पण आपल्या बापाला दुसऱ्याच सकाळी खरं कळलं होतं आणि तो स्टेशनपर्यंत आला नाही, हे कळून तुझं काय भलं होणार? न कळवलं तर मी पुन्हा तेच करते आहे जे अकरा वर्षं केलं.

पाकिटावर पत्ता लिहिला आहे. अजून टाकलेलं नाही.

दामिनी


अकोला, २२ मार्च २०२५

दादा,

१७ तारखेचं पत्र मी टपालात टाकलं नाही. ते याच पाकिटात आहे. ते आधी वाच, मग हे.

बुधवारी मी रजा टाकून इकडे आले. बाबा घरी नव्हते. शेजारच्या केशरबाई म्हणाल्या, सकाळपासून बँडवाल्यांच्या दुकानांकडे फिरून राहिले. त्यांना शोधत मी निघाले. जुन्या शहरात आता चारच बँड उरलेत. बाबा पहिल्या तीन दुकानांत जाऊन आले होते. चौथ्या दुकानाच्या ओट्यावर मला सापडले. तिथला मास्तर दोन वर्षांपूर्वी वारला. त्याचा पंचविशीतला मुलगा गल्ल्यामागे बसला होता. बाबा त्याच्यासमोर उभे राहून सांगत होते.

"तेरा साली जठारपेठेत मी माह्या पोराचा कोट उतरवला होता. त्यानं पेलेली नव्हती. वाद्यात खराबी होती. मले दुसऱ्या दिवशी मालूम झालं, मी बोललो नाई. चूक माही आहे. तुमच्या बापाले सांगाचं होतं. आता तुमाले सांगतो."

मुलगा उठून उभा राहिला. त्याला काही कळलं नसावं. तू कोण हेही त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, "ठीक आहे आजोबा. बसा ना, चहा घेता का?"

बाबा बसले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "झाले चारी."

पहिल्या तीन दुकानांत काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. पुंजाजीकाकांकडून कळलं. एकाने ऐकून घेतलं आणि हात जोडले. दुसरा म्हणाला, "आमाले तवाच वाटलं होतं." तिसऱ्याने विचारलं, "आता सांगून काय फायदा?" त्यावर बाबा म्हणाले म्हणे, "फायद्यासाठी नाई आलो."

त्याच संध्याकाळी त्यांनी मला तुझा पत्ता मागितला. भुसावळला गाडी बदलून बऱ्हाणपूर. पुंजाजीकाका बरोबर येतो म्हणाले, त्यांना नको म्हणाले. मी येते म्हटलं, मलाही नको. मी विचारलं, सॅक्स नेता का, त्याचाच आहे. ते चिडले. "वाजंत्री घेऊन कोनी माफी मागाले जात असते का?"

काल दिवसभर ते तुला काय सांगायचं याची तयारी करत होते. घरात फेऱ्या मारत, ओठ हलवत. दोनदा माझ्यासमोर सुरुवात केली. "स्वप्निल, त्या दिवशी..." म्हणायचे आणि पुढे काही निघत नव्हतं. चाळीस वर्षं हा माणूस भर उन्हात दोन दोन तास वाजवत चालला. चार दुकानांत चार वेळा सांगून आला. तुला सांगायचं म्हटलं की तिसऱ्या शब्दाला त्यांचा दम तुटतो.

शेवटी संध्याकाळी म्हणाले, "तू लिहून दे. मी उभा राहतो."

म्हणून हे पत्र त्यांच्या हाती. पाकीट चिकटवू नको म्हणाले, मग म्हणाले चिकटव. त्यांनी ते वाचलेलं नाही. १७ तारखेचं पत्र आत आहे हे मी त्यांना सांगितलं. दुकानांतही खरं सांगितलं, तुझ्यापाशी काय लपवायचं, असं ते म्हणाले. तुला दिल्यावर दारातून दोन पावलं मागे सरायचं आणि तू वाचून होईपर्यंत बोलायचं नाही, असं आमचं ठरलं आहे. तुझ्या बायकोने किंवा मुलीने दार उघडलं तर फक्त तुझं नाव घ्यायचं आणि पाकीट पुढे करायचं. आपण कोण हे सांगायचं नाही. ते तू सांगशील किंवा सांगणार नाहीस.

माझ्याबद्दल काही मागत नाही. तुला मला भेटायचं नसेल तर मी समजेन. यापुढे तू लिहिल्याशिवाय मी लिहिणार नाही.

त्यांची परतीची गाडी रात्री नऊला आहे. तिकीट त्यांच्या खिशात आहे, म्हणजे तू राहा म्हणाला नाहीस तरी त्यांची सोय आहे. दुपारची गोळी त्यांनी गाडीत घेतली असेल. सकाळपासून फक्त दोन पोळ्या खाल्ल्यात.

आता तू मान वर करशील तेव्हा ते बाहेर उभे असतील. त्यांचा उजवा गुडघा पूर्णपणे गेला आहे. तू म्हणेपर्यंत ते बसणार नाहीत.

दामिनी